जुलैचे स्मरण हवे, पण असे

जुलै उजाडला की वर्तमानपत्रे जुन्या दुर्घटनांची तीच छायाचित्रे पुन्हा छापतात आणि त्यामुळे हा महिनाच नकोसा होतो, असे काहीजण म्हणतात, ते मला पटते. मात्र मुंबईतल्या २६ जुलैच्या महापुराचे स्मरण आता बंदच करावे, ही त्यांची सूचना मान्य होत नाही. २००५ साली त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, हा आकडा दरवर्षी छापून येतो. त्याच वेळी कुलाब्याला जेमतेम ७३ मिलिमीटर पडला होता, हे सहसा कोणी लिहीत नाही. म्हणूनच कुलाब्याजवळच्या फोर्टातल्या कार्यालयातून दुपारी साध्या सरीत निघालेल्या मला, कुर्ल्यात छातीएवढे पाणी असेल याची कल्पनाही नव्हती. पहाटे घरी पोहोचलो, तेव्हा आई कपाटातले भिजलेले शाळेचे दाखले एकेक करून दोरीवर वाळत घालत होती. आजही जून संपता संपता ती रेशनकार्ड आणि दाखले प्लास्टिकच्या पिशवीत बांधून पोटमाळ्यावर ठेवते.

मला राग येतो तो 'मुंबईकरांच्या स्पिरिट'चे गोडवे गाणाऱ्या भाषणांचा. त्या वेळी पुराच्या चौकशीसाठी नेमलेल्या माधवराव चितळे समितीने मुंबईतली मिठी नदी आणि पर्जन्यजलवाहिन्या यांविषयी ज्या शिफारशी केल्या, त्यांतल्या किती पूर्ण झाल्या आणि किती राहिल्या, याचा हिशेब दर २६ जुलैला मांडला गेला, तर त्या दिवसाबद्दल माझी काहीही तक्रार उरणार नाही.