चर्चा: विमानांचे क्रमांक कुणाचे बरे, बोइंगचे की एअरबसचे?

टर्मिनल२: बोइंगचे आकडे म्हणजे निव्वळ जाहिरात. इंजिनांना ५००चा गट, क्षेपणास्त्रांना ६००चा, जेट प्रवासी विमानांना ७००चा, इथवर ठीक. पण '७००' कानाला बरं वाटेना म्हणून ७०७ केलं! ७१७ तर दोनदा वापरलं: आधी केसी-१३५ या हवेत इंधन भरणाऱ्या लष्करी टँकरला, मग मॅकडॉनेल डग्लस ही विमान बनवणारी कंपनी ताब्यात आल्यावर, १९९८मध्ये तिच्या एमडी-९५ या प्रवासी विमानाला. त्यापेक्षा एअरबसचं ए३२०-२३२ वाचा. २ ही मालिका, ३ म्हणजे आयएई या कंपनीचं इंजिन, शेवटचा २ त्या इंजिनाचा उपप्रकार.

रिव्हेट: कौतुक जरा जपून. ए३०० हे तीनशे प्रवाशांचं ठरलं होतं; विमान अडीचशेच्या आसपास आणलं तरी आकडा तोच. पुढे ३६०, ३७० गाळून थेट ३८०, कारण आशियात ८ शुभ. ही जाहिरात नाही तर काय? बोइंगचा ग्राहक-कोड, म्हणजे विमान पहिल्यांदा मागवणाऱ्या कंपनीचा आकडा, तरी कामाचा होता. एअर इंडियाचा ३७: ७४७-२३७बी, ७७७-३३७ईआर. मूळ मांडणी कुणाची ते लगेच कळायचं.

हँगर_कट्टा: मूळ मांडणी घेऊन करायचं काय? विमान विकलं तरी ३७ जन्मभर चिकटलेला, आत सीटपासून गॅलीपर्यंत सगळं बदललेलं. दोन अंकी कोड संपल्यावर अक्षरं घुसवली. इंडियन एअरलाइन्सचं ७३७-२ए८ त्यातलंच. ७८७पासून बोइंगनेच हे प्रकरण बंद केलं.

टर्मिनल२: तेच म्हणतोय. इंडिगोकडे ए३२० निओ, म्हणजे नव्या इंजिनांची ए३२०, दोन्ही प्रकारची आहेत: सीएफएम कंपनीच्या लीप इंजिनाची २५१एन आणि प्रॅट अँड व्हिटनीच्या इंजिनाची २७१एनही. नुसतं 'निओ' लिहून थ्रस्ट रिव्हर्सर (उतरल्यावर इंजिनाचा झोत पुढे वळवून वेग कमी करणारा भाग) मागवून बघा. एकाचा दुसऱ्याला बसत नाही. तिथे मधला आकडाच वाचवतो.

रिव्हेट: इंजिनापुरता वाचवतो. विंगटिपचं, म्हणजे पंखाच्या टोकाचं काय? २३२ला तिथे जुन्या छोट्या फेन्सही असतात, वर वळलेले शार्कलेटही. कमाल वजनही त्या आकड्यात नाही. पार्ट कॅटलॉग शेवटी एमएसएन, म्हणजे कारखान्याचा अनुक्रमांकच बघतो. आणि सीएफएमच्या इंजिनाला जुन्या ए३२०वर १, निओवर ५. हीच का ती पद्धत?

हँगर_कट्टा: इंजिन नवं, म्हणून आकडा नवा. यात खटकण्यासारखं काही नाही. खरा घोळ ७३७चा. नव्या ७३७ मॅक्सच्या प्रमाणपत्रावर 'मॅक्स' शब्दच नाही, तिथे ७३७-८. जुनं ७३७-८००. दोन शून्यांचा फरक, इंजिनं वेगळी! फ्लाइट प्लॅनमध्ये निदान बी७३८ आणि बी३८एम असे वेगळे लिहितात. तिकिटावर मात्र कंपनीला वाटेल ते.