पहिले दोन सीझन सोडायचे? मग बघताच कशाला!

मांडवीकाठ:
काल एकाने यादी टाकली. 'स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन' ही अंतराळजहाजावरची जुनी अमेरिकन मालिका परत बघणार असाल तर पहिले दोन सीझन सोडा, तिसऱ्यापासून लावा, 178 मधले 40 भाग पुरे. वाचून डोकंच फिरलं, म्हणून हे लांबण. पहिला सीझन डगमगतो, मान्य, 'कोड ऑफ ऑनर' बघताना मलापण लाज वाटते. पण जहाजावरची सुरक्षा अधिकारी ताशा यार मरते ती पहिल्यातच, वीरमरण वगैरे काही नाही, डांबरासारख्या त्या प्राण्याने एका झटक्यात फेकली आणि खलास. ते आधी लागलेलं नसेल तर तिसऱ्यातल्या 'यस्टरडेज एंटरप्राइज'मध्ये ती परत समोर येते तेव्हा तुम्हाला काय डोंबल कळणार? आणि दुसरा सोडला की 'द मेझर ऑफ अ मॅन' गेला, डेटा नावाचा यंत्रमानव हा माणूस की स्टारफ्लीटची, म्हणजे त्यांच्या अंतराळदलाची, मालमत्ता तो खटला. बोर्गपण, ते अर्धे माणूस अर्धे यंत्र शत्रू, पहिल्यांदा दुसऱ्यातच दिसतात. आमच्याकडे जत्रेला तेच नाटक आजा बघायचा, बाप बघायचा, कोणी म्हटलं का पहिला अंक वगळा म्हणून?

शटरवाला:
यादी माझीच. आणि जत्रेचं काढून तुम्हीच फसलात. पहिल्या अंकाला मंडपात असतं कोण? अर्धा गाव खाजं नि चणे घ्यायला भायर, पद सुरू झालं की आत. मी तेच केलं, फक्त लिहून केलं. दुकान बंद करून घरी पोचेपर्यंत दहा वाजतात, मग पाऊण तास मिळतो, त्यात दुसऱ्या सीझनचा 'शेड्स ऑफ ग्रे' बघू? जुन्या क्लिपा शिवून केलेली गोधडी ती!

तारवटीचा पुतण्या:
माझे काका बोटीवर होते, 89 साली अमेरिकेतून दोन टेपा आणल्या. तिकडची टेप एनटीएससी पद्धतीची, आमचा व्हीसीआर पाल पद्धतीचा, दोघांचं जुळत नाही, त्यामुळे चित्र काळंपांढरं आणि वर वर गडगडत जाणारं. ताशा गेली ते मी तसंच बघितलं, मान वर-खाली करत. आजी शेजारी बसलेली, तिने जहाजावरच्या रायकर या अधिकाऱ्याचं नाव ऐकलं आणि विचारलं, "कोण मरे हो रायकर? फोंड्याचो?" तिला शेवटपर्यंत वाटत होतं आपल्यातलाच कोणीतरी तिकडे जाऊन ऑफिसर झालाय. दुसऱ्या सीझनला त्याने दाढी ठेवली तेव्हा म्हणाली, आता दिसतो घरचा. मी एकपण भाग सोडत नाही. कारण विचारू नका.

म्हार्दोळची बाई:
तुमचं चालू द्या, मला 'डारमॉक'बद्दल बोलायचंय. त्या भागातले परग्रहावरचे लोक नुसत्या त्यांच्या कथांचे दाखले देत बोलतात, जहाजावरचं यंत्र शब्द भाषांतरित करतं आणि अर्थ शून्य. माझ्या वर्गात रोज हेच. 'कुंभकर्णासारखा झोपलाय' वाचतात आणि विचारतात, टीचर, हा कोण? मराठी शाळा बंद पाडल्या की हेच होणार.

डिचोलीकार:
आली गाडी रुळावर! बाई, ज्या पोरांच्या घरात कोकणी त्यांना मराठी पुस्तक देऊन तुम्हीच त्यांचा डारमॉक केलात.

म्हार्दोळची बाई:
घरात कोकणी माझ्यापण आहे. माझी आई ज्ञानेश्वरी मराठीत वाचायची आणि मासळीवालीशी भांडायची कोकणीत, तिचं काही अडलं नाही. मराठीला पाहुणी ठरवणारे तुम्ही कोण?

डिचोलीकार:
पाहुणी कोणी म्हटलं? शब्द तोंडात घालू नका!

तारवटीचा पुतण्या:
कोकणीला गोव्याची राजभाषा करणारा कायदा फेब्रुवारी 1987, मालिका सुरू सप्टेंबर 1987. त्यांनी सात सीझन केले आणि 1994 ला गाशा गुंडाळला. आपण अजून पहिल्याच भागात.

डिचोलीकार:
विनोद करून विषय उडवणं सोपं असतं. माझ्या भावाला नोकरीच्या मुलाखतीत काय ऐकावं लागलं ते तुम्हाला माहीत नाही.

मांडवीकाठ:
अहो, धागा कशावर आहे? भाषेचा वेगळा काढा ना, मीपण येतो भांडायला.

शटरवाला:
धन्यवाद. तुमची कटकट थांबावी म्हणून आत्ता 'मेझर ऑफ अ मॅन' लावला. रायकरलाच डेटाविरुद्ध खटला चालवायला लावतात, आणि तो भर कोर्टात डेटाचा हात उपटून दाखवतो, मग स्विच बंद करतो, तिथे घशाशी आलं, खोटं कशाला बोलू. झालं समाधान? यादी 41 ची केली. पण पहिला सीझन तसाच बाहेर, आणि ती खडूस डॉक्टर पुलास्की असलेला एकपण भाग मी घेणार नाही म्हणजे नाही.

मांडवीकाठ:
आत्ता बघितलात त्याच भागात सुरुवातीलाच पोकरच्या टेबलावर पुलास्की बसलीय. तिथेपण खाजं आणायला गेला होतात काय?