अंडी बंद झाली म्हणून कोंबडी काढू नका

परसातल्या कोंबड्यांनी दीड वर्षानंतर अंडी देणं थांबवलं, आता त्या काढून टाकाव्यात का, या प्रश्नावर माझं मत: थोडं थांबा. आधी खुराड्यात पिसं पडली आहेत का ते बघा. साधारण दीड वर्षाची झाली की कोंबडी पिसं टाकते, आणि त्या 8 ते 12 आठवड्यांत अंडी बहुतेक बंदच असतात. पिसं जवळजवळ सगळी प्रथिनांची. नवी उगवण्यातच प्रथिनं खर्च होतात, मग अंड्यांसाठी काही उरत नाही. आमची तांबडी पहिल्यांदा अशी उघडी पडली तेव्हा मी घाबरून तिला सारखी उचलून बघायचे. ती कळवळायची. नव्या पिसांच्या निळसर कोंबांत रक्त असतं, नुसता हात लागला तरी दुखतं, हे मला फार उशिरा कळलं. अजून वाईट वाटतं. या काळात नेहमीच्या 16 ऐवजी 18-20 टक्के प्रथिनांचं खाद्य द्या आणि उचलाउचल टाळा.

दिवस लहान झाला तरी अंडी कमी होतात. 14 तासांच्या आसपास उजेड लागतो. एखादी खुडूक, म्हणजे अंडी उबवायला, बसली असेल तर तो वेगळाच विषय.

खुराड्याच्या जाळीचं मात्र आजच बघा. षटकोनी पातळ जाळी कोंबड्या आत राहाव्यात एवढ्याच कामाची. कुत्रं ती सहज फाडतं. माझी 4 पिल्लं तर नुसती कडी नीट न लागल्यामुळे एका रात्रीत गेली. आता अर्धा इंची वेल्डमेश (वेल्डिंग केलेली मजबूत चौकोनी जाळी) आहे, आणि झोपण्यापूर्वी कडी मी स्वतः हात लावून बघते.