मदत हवी आहे: यकृतदात्याच्या सीटी अँजिओत वेगळी धमनी

मंडळी, आम्ही कोल्हापूरच्या राजारामपुरीतले. वडिलांना यकृताचा भाग द्यायला धाकटा भाऊ तयार आहे. त्याच्या सीटी अँजिओत (रक्तवाहिन्यांच्या सीटी स्कॅनमध्ये) यकृताची उजवी धमनी नेहमीसारखी सिलिअॅक ट्रंककडून (जठर, यकृत, प्लीहेला रक्त देणारी मोठी धमनी) न येता सुपीरिअर मेसेंटेरिक धमनीतून (आतड्यांना रक्त देणारी) निघालेली दिसली. आजार नव्हे, जन्मजात ठेवण. 10 ते 15 टक्के लोकांत असते, असं रेडिओलॉजिस्ट म्हणाले. यकृताला 75 टक्के रक्त पोर्टल व्हेनच (आतड्यांकडून यकृतात येणारी शीर) पुरवते, पण पित्तनलिका धमनीवर जगतात, म्हणून धमनीची जोडणी नाजूक. सर्जनची भेट पुण्यात, पुढच्या आठवड्यात. तोवर घरात नुसता काथ्याकूट!

अशी धमनी असलेल्या कुणी यकृत दिलंय का? अँजिओ पुन्हा करावी लागली का? फिल्म पुरते की सीडीच न्यावी? काढे कृपया सुचवू नका, ते आत्यांनी आधीच सुचवलेत.