मदत हवी आहे: टोकन जोडलेले असूनही 'स्मार्ट कार्ड घाला' असाच संदेश येतो

दस्तलेखक
नमस्कार. यूएसबी टोकनमधील (पेनड्राइव्हसारखे, आत स्मार्ट कार्डची चिप असलेले साधन) डिजिटल प्रमाणपत्राने पीडीएफ दस्तऐवजांवर स्वाक्षरी करायची आहे. टोकन जोडलेले आहे, त्यावरचा दिवा लागलेला आहे आणि स्वाक्षरीच्या खिडकीत माझे प्रमाणपत्र नाव व मुदतीसह दिसते. मात्र ते निवडून पुढे गेल्यावर पिन विचारला जाण्याऐवजी 'स्मार्ट कार्ड घाला' असा संदेश येतो आणि सगळे तिथेच अडते. संगणक पुन्हा सुरू करून आणि पोर्ट बदलूनही फरक पडलेला नाही. याच टोकनने याच संगणकावर पूर्वी स्वाक्षऱ्या झालेल्या आहेत. कागदपत्रे आजच पाठवायची असल्यामुळे कृपया नेमका उपाय सांगावा.

पायरीपायरीने
संगणकप्रणाली कोणती, पीडीएफसाठी कोणता प्रोग्राम वापरता आणि टोकनसोबत आलेल्या सॉफ्टवेअरमध्ये टोकन दिसते का, हे कृपया लिहा. यादीत प्रमाणपत्र दिसते एवढ्यावरून फारसे काही कळत नाही.

जुना_तंत्रज्ञ
माझ्या अनुभवात अशा दहा तक्रारींपैकी नऊ ड्रायव्हरच्या (संगणकाला टोकन ओळखू देणाऱ्या प्रोग्रामच्या) असतात. जुना ड्रायव्हर पूर्णपणे काढून टाका, संगणक पुन्हा सुरू करा आणि नवा ड्रायव्हर घाला. तेवढ्याने भागले नाही, तर टोकन इनिशियलाइझ (पूर्ण पुसून नव्याने तयार) करून पाहावे.

किल्लीदार
वरच्या प्रतिसादातील शेवटचे वाक्य कृपया कोणीही अमलात आणू नये. इनिशियलाइझ केल्यावर टोकनमधील खाजगी किल्ली (जिच्यामुळे स्वाक्षरी होते ती गुप्त संख्या) कायमची पुसली जाते, आणि ती टोकनमध्येच तयार झालेली व बाहेर काढता न येणारी असल्यामुळे तिची दुसरी प्रत कुठेही नसते. त्यानंतर नवे प्रमाणपत्र घेण्यावाचून मार्ग उरत नाही. अंदाजाने पिन टाकत राहणेही तितकेच घातक आहे, कारण ठरावीक चुकीच्या प्रयत्नांनंतर टोकन स्वतःला कुलूप लावून घेते.

जुना_तंत्रज्ञ
इनिशियलाइझ हा शेवटचा उपाय म्हणूनच सांगितला होता. ड्रायव्हरबद्दलचे माझे मत कायम आहे.

दस्तलेखक
विंडोज आहे, पीडीएफचा प्रोग्राम ६४ बिटचा आहे. टोकनच्या सॉफ्टवेअरमध्ये 'टोकन आढळले नाही' असे येते. ड्रायव्हर नव्याने घालून पाहिला, स्थिती तीच आहे. पिन मला पाठ आहे, त्यामुळे तो प्रश्न नाही.

मुक्तस्रोत
विंडोजच्या प्रमाणपत्र-साठ्यावर विसंबूच नका. पीडीएफच्या प्रोग्राममध्ये टोकनची पीकेसीएस ११ लायब्ररी (प्रोग्रामला टोकनशी बोलू देणारी फाइल) थेट जोडा. प्रोग्राम ६४ बिटचा असेल तर लायब्ररीही ६४ बिटचीच लागते; ३२ बिटची दिली तर ती उघडतच नाही. मी अनेक वर्षे असेच काम करतो आणि एकदाही अडलेलो नाही.

पायरीपायरीने
टोकनच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरलाच टोकन दिसत नसेल, तर ती लायब्ररी तरी त्याला कुठून शोधणार? दोन्ही वाटा शेवटी एकाच स्मार्ट कार्ड सेवेतून जातात. अडचण त्याच्याही खाली आहे.

हिरवी_खूण
स्वाक्षरीवर ती ग्राह्य असल्याची हिरवी खूण दिसत नसेल, तर मूळ प्रमाणपत्र (प्रमाणपत्र देणाऱ्या यंत्रणेचे) विश्वासार्ह यादीत घालावे लागते. शिवाय आरएफसी ३१६१ या मानकाप्रमाणे कालमुद्रा (स्वाक्षरीच्या वेळेचा पडताळता येणारा शिक्का) लावली, तर प्रमाणपत्राची मुदत संपल्यावरही स्वाक्षरी त्या मुदतीतच झाली होती हे दाखवता येते.

किल्लीदार
माहिती योग्य आहे, पण इथे स्वाक्षरीच होत नाही, तेव्हा खुणेचा विचार नंतर. दस्तलेखक, आपण त्या संगणकासमोर प्रत्यक्ष बसला आहात का?

दस्तलेखक
नाही. तो संगणक दुसऱ्या खोलीत असतो आणि हल्ली मी माझ्या लॅपटॉपवरून रिमोट डेस्कटॉपने (दूरचा संगणक आपल्या पडद्यावर चालवण्याची विंडोजची सोय) त्यावर काम करतो. टोकन मात्र त्याच संगणकाला लावलेले आहे, आणि दिवा लागला आहे हे मी जाऊन पाहिले आहे. पूर्वीच्या स्वाक्षऱ्या तिथे बसून केल्या होत्या.

किल्लीदार
मग कारण सापडले. रिमोट डेस्कटॉपच्या सत्रात विंडोज स्मार्ट कार्डचा शोध दूरच्या संगणकावर घेत नाही, तर ज्याच्यासमोर आपण बसला आहात त्या संगणकावर घेते. त्यामुळे तिथे लावलेले टोकन, दिवा लागलेला असूनही, त्या सत्राला दिसत नाही. यादीत दिसणारे प्रमाणपत्र पूर्वी तिथे बसून काम करताना विंडोजने आपल्या साठ्यात उतरवून घेतलेली प्रत आहे. तिच्यात खाजगी किल्ली नसते, म्हणून निवड करता येते पण स्वाक्षरीच्या क्षणी टोकन मागितले जाते. टोकन काढून लॅपटॉपला लावा. रिमोट डेस्कटॉप जोडण्याआधी त्याच्या पर्यायांतील स्थानिक साधनांमध्ये स्मार्ट कार्डपुढे खूण आहे याची खात्री करा आणि मग नव्याने जोडणी करा. टोकनचे सॉफ्टवेअर दूरच्या संगणकावर हवेच, आणि लॅपटॉपने टोकन ओळखले नाही तर तिथेही घाला.

मुक्तस्रोत
हे मान्य आहे. या स्थितीत पीकेसीएस ११ नेही टोकन दिसले नसते.

दस्तलेखक
टोकन लॅपटॉपला लावले, स्मार्ट कार्डपुढची खूण नव्हती ती केली आणि पुन्हा जोडणी केली. लगेच पिनची खिडकी आली आणि पहिल्या दस्तऐवजावर स्वाक्षरी झाली. सर्वांचे मनःपूर्वक आभार. आता उरलेले दस्तऐवज करतो.

पायरीपायरीने
स्वाक्षरी झालेली फाइल 'प्रिंट टू पीडीएफ' करून पाठवू नका. त्यातून तयार होणाऱ्या नव्या फाइलमध्ये स्वाक्षरीचे फक्त चित्र उरते. जतन झालेली फाइल जशीच्या तशी पाठवा.