मुंबई ते न्यूयॉर्क नक्की किती तास?

डोंबिवलीकर: आईला जुलैमधे न्यूयॉर्कला पाठवायचंय, नॉनस्टॉप बघतोय. तिकिटावर रात्री १ ला निघून त्याच दिवशी सकाळी साडेसातला पोचतं असं दाखवतंय, म्हणजे साडेसहाच तास?? आणि परतीला दुपारी १२ ला निघालं की थेट दुसऱ्या दिवशी दुपार. अंतर किती आहे असं?

खडूस_काका: साडेसहा तासात तुर्कस्तानपर्यंत जाल फार तर 😄 तिकिटावर दोन्हीकडची लोकल टाईम असते. उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेनऊ तास मागे, हिवाळ्यात साडेदहा. म्हणजे जाताना १६ तास धरा.

जर्सीची_सून: सरळ अंतर साधारण १२,५०० किमी आहे, पण विमान तसंच जाईल असं नाही, वारा आणि कुठली हवाई हद्द बंद आहे त्यावर रूट ठरतो, एप्रिल २०२५ मधे पाकिस्तानने भारतीय कंपन्यांना हद्द बंद केली तेव्हा बऱ्याच फ्लाईट्सना वळसा पडला. येताना तासदीड तास वाचतो कारण वर जेट स्ट्रीमचा वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, तो मागून ढकलतो.

डोंबिवलीकर: अच्छा! मग दुबईला थांबून स्वस्त पडतंय ते घेऊ का?

जर्सीची_सून: आई एकट्या असतील तर नॉनस्टॉपच घ्या, व्हीलचेअर बुकिंगच्या वेळीच टाका. आणि दर दोन तासांनी उठून चालायला सांगा, पाय सुजतात.

खडूस_काका: सीट आयलची घ्या, खिडकीतून ढगच दिसणारेत.