एडीएचडी (लक्ष न टिकण्याचा, चंचलपणाचा त्रास) आहे, गोळी सध्या बंद, रोजचं घर-ऑफिस कसं सांभाळता?

उतू_गेलेलं_दूध:
वय ३६, दोन वर्षांपूर्वी निदान झालं. गोळीने फरक पडत होता पण बीपी वाढायला लागलं म्हणून डॉक्टरांनी सध्या थांबवलीय. मागच्या आठवड्यात दूध तीनदा उतू गेलं, खात्यात पैसे असून लाइट बिल थकलं, आणि ऑफिसचा रिपोर्ट आत्ता करते आत्ता करते म्हणत शुक्रवार संध्याकाळ झाली. नवरा म्हणतो यादी कर. करते ना! सात याद्या आहेत, एकही सापडत नाही. गोळीशिवाय खरंच काय चालतं ते सांगा, मेडिटेशन कर असं प्लीज कोणी सांगू नका, दीड मिनिटात मी भाजीला काय करायचं यावर असते.

दृष्टीआड_सृष्टी:
ताई, माझं नाव वाचा, तेच उत्तर आहे 😄 जे दिसत नाही ते आपल्यासाठी नसतंच. मी कपाटांची दारं काढून टाकली (आई अजून बोलते), डबे सगळे पारदर्शक, चावीला दारामागे खिळा, बिलं ऑटो-पे. यादी एकच, फ्रिजवर व्हाइटबोर्ड, तीनपेक्षा जास्त कामं लिहायची नाहीत. दुधाचं म्हणाल तर गॅस पेटवला की टायमर लावायचा आणि मोबाइल हातातच ठेवायचा, दुसऱ्या खोलीत राहिला तर अलार्म वाजून वाजून गप्प होतो, अनुभव आहे.

रात्रीचा_राजा:
रिपोर्टसाठी बॉडी डबलिंग करून बघा. म्हणजे कोणीतरी नुसतं सोबत बसायचं, मदत करायची नाही. मी आणि मित्र व्हिडिओ कॉल लावून म्यूटवर बसतो, तो त्याचं करतो मी माझं, का चालतं देव जाणे पण जीएसटीची फाइल तशीच संपली. पोमोडोरोची (टायमर लावून काम, मग छोटा ब्रेक) २५ मिनिटं मला झेपत नाहीत, मी दहावर आणलं. आणि "रिपोर्ट लिहिणे" असं काम लिहूच नका, "फाइल उघडून तारीख टाकणे" इतकं बारीक लिहा.

साधा_माणूस:
हे सगळ्यांनाच होतं हो, आमच्या वेळी याला आळस म्हणायचे.

रात्रीचा_राजा:
काका, आळशी माणूस निवांत झोपतो. मी रात्री दोनपर्यंत न केलेल्या कामाच्या टेन्शनमध्ये जागा असायचो.

चौथा_चहा:
सीबीटीचा (विचार आणि सवयी बदलायला शिकवणारी थेरपी) विचार करा, पण एडीएचडी कळणाऱ्या थेरपिस्टकडे. मी बारा-तेरा सेशन्स केली, बालपणावर फार गप्पा नाहीत, कॅलेंडर कसं वापरायचं, काम कसं फोडायचं, आणि "आता उशीर झालाच आहे तर जाऊच दे" हा विचार कुठे पकडायचा हेच जास्त. ब्रिटनच्या नाइस संस्थेच्या २०१८च्या गाइडलाइनमध्ये गोळी सहन न होणाऱ्या मोठ्यांसाठी औषधाशिवायचे उपचार सांगितलेत, म्हणजे तुमचीच केस. २०१० मध्ये जामा जर्नलमध्ये ८६ जणांवरचा अभ्यास आला होता, त्यात सीबीटीवाल्यांना नुसतं रिलॅक्सेशन शिकवलेल्यांपेक्षा जास्त फायदा झाला, पण त्या लोकांची औषधं चालू होती हे लक्षात ठेवा, तेवढाच फरक तुम्हाला पडेल असं नाही. झोप बिघडली की माझं बाकी सगळं कोसळतं. आणि कुठलीही सिस्टीम तीन आठवड्यांत शिळी होते, तेव्हा रडत बसायचं नाही, बोर्डाची जागा बदलायची.

उतू_गेलेलं_दूध:
तीन आठवडे!! म्हणजे तो माझाच दोष नव्हता तर. सात नव्या डायऱ्या घेतल्या होत्या मी. आज ऑटो-पे केलं, खिळा नवऱ्याने ठोकला. @रात्रीचा_राजा, म्यूटवाला कॉल बहिणीसोबत केला तर चालेल का, की ती बोलतच बसेल?

रात्रीचा_राजा:
बहीण नको 😂 ऑफिसमधली कोणीतरी बघा.